'रिव्हॉल्व्हर'च्या मलपृष्ठावरचे नाव

जुनी ध्वनिमुद्रिका हाती आली की मी तिच्या वेष्टनाची मागची बाजू आधी वाचतो. पुढच्या बाजूवर कंपनीला काय विकायचे आहे ते दिसते. मागे, बारीक टायपात, काम कोणी केले याचा हिशेब असतो. तो क्वचितच पूर्ण असतो. पण कोणाचे नाव आले आणि कोणाचे गळले, हे पाहिले की त्या काळाविषयी बरेच काही कळते. या लेखात मी असे एक मलपृष्ठ वाचणार आहे. ५ ऑगस्ट १९६६ रोजी लंडनच्या पार्लोफोन कंपनीने बाजारात आणलेल्या, बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमचे.

या अल्बममध्ये चौदा गाणी आहेत. चार बीटल्सखेरीज किमान दोन डझन माणसांची वाद्ये आणि हात त्यांत आहेत. बाहेरून बोलावलेल्या या वादकांपैकी दोघांचीच नावे मलपृष्ठावर आली. 'फॉर नो वन' या गाण्यात फ्रेंच हॉर्न वाजवणारे ॲलन सिव्हिल हे एक. आणि 'लव्ह यू टू' या गाण्यात तबला वाजवणारे दुसरे, अनिल भागवत. मराठी वाचकाची नजर या आडनावापाशी थबकणार, हे उघड आहे. माझीही थबकली. पण आडनावाच्या आपलेपणापेक्षा मोठा प्रश्न त्या नावाने उभा केला. एखाद्या कलाकृतीवर अमक्याचा 'प्रभाव' आहे असे आपण सहज म्हणतो. तो प्रभाव प्रत्यक्षात येतो कसा, आणि तो घेऊन येणाऱ्या माणसाचे पुढे काय होते?

'रिव्हॉल्व्हर'ला समीक्षक 'आर्ट पॉप'च्या आरंभीच्या थोर अल्बमांत गणतात. दोन-तीन मिनिटांच्या लोकप्रिय गाण्याचा साचा ठेवायचा, पण त्यात चित्रकला, आधुनिक अभिजात संगीत, ध्वनिफितीवरचे प्रयोग, दूरदेशीची वाद्ये असे काहीही आणायचे. आणि रंगमंचावर गाता येईल की नाही याची पर्वा करायची नाही, अशी ही वृत्ती. १९६६च्या वसंतात ती अंगीकारण्याइतका वेळ बीटल्सना पहिल्यांदाच मिळाला. ६ एप्रिल ते २१ जून असे सुमारे अडीच महिने ते ईएमआयच्या लंडनमधील स्टुडिओत होते. त्यांचा पहिला अल्बम तीन वर्षांपूर्वी बहुतांशी एका दिवसात उरकला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या अडीच महिन्यांचे मोल कळते. निर्माता जॉर्ज मार्टिन होता आणि ध्वनिमुद्रणाची सूत्रे जेफ एमेरिक नावाच्या, अजून विशीही न उलटलेल्या तंत्रज्ञाकडे नुकतीच आली होती.

पाश्चात्त्य प्रभावांची यादी मोठी आहे आणि ती अनेकांनी केली आहे. मी त्यातली काहीच उदाहरणे घेतो. 'गॉट टू गेट यू इन्टू माय लाइफ'मधील ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा कडक ठेका अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतातून, म्हणजे डेट्रॉइटच्या मोटाउन आणि मेम्फिसच्या स्टॅक्स या कंपन्यांच्या तबकड्यांमधून आला. बीटल्सना खुद्द मेम्फिसला जाऊनच ध्वनिमुद्रण करायचे होते. त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन मार्च १९६६मध्ये तेथे पाहणीही करून आला. सुरक्षेच्या अडचणीमुळे बेत बारगळला. 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर'च्या मागे बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' हा अल्बम आहे, हे पॉल मॅकार्टनीने स्वतःच सांगितले आहे. 'पेट साउंड्स' मे महिन्यात निघाला आणि हे गाणे जूनच्या मध्यावर मुद्रित झाले. एका अल्बमचा प्रभाव महिन्याभरात दुसऱ्यात उतरला.

प्रभावांचा इतिहास लिहिताना स्मरणावर किती विसंबायचे, याचा धडा 'एलिनॉर रिग्बी' देते. या गाण्यात एकही बीटल वाद्य वाजवत नाही. चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो एवढाच वाद्यमेळ. तोही मायक्रोफोन तारांच्या अगदी जवळ आणून, गजाचे खरखरणे ऐकू येईल असा मुद्रित केलेला. त्याची रचना जॉर्ज मार्टिनची. आपल्याला बर्नार्ड हरमन या चित्रपट संगीतकारापासून, विशेषतः त्याच्या 'फॅरनहाइट ४५१' या चित्रपटाच्या संगीतापासून प्रेरणा मिळाली, असे मार्टिनने पुढे लिहिले. पण 'एलिनॉर रिग्बी'चे तंतुवाद्य २८ एप्रिलला मुद्रित झाले आणि तो चित्रपट पडद्यावर आला सप्टेंबरमध्ये, अल्बम दुकानांत पोचल्यानंतर! हरमनचे नाव बरोबर आहे, चित्रपट मात्र दुसरा असला पाहिजे. केवळ तंतुवाद्यांवर रचलेले, अंगावर येणारे त्याचे संगीत १९६०च्या 'सायको'त सगळ्यांनी ऐकलेच होते. प्रभाव खरा असतो आणि त्याची आठवण तरीही चुकते. म्हणून तारखा पाहाव्या लागतात.

अल्बममधले शेवटचे गाणे, 'टुमॉरो नेव्हर नोज', खरे तर सर्वांत आधी मुद्रित झाले. जॉन लेननने त्याचे शब्द टिमथी लिअरी आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या 'द सायकेडेलिक एक्स्पीरिअन्स' या पुस्तकावर बेतले होते, आणि ते पुस्तक तिबेटी मृत्युग्रंथावर. आपला आवाज डोंगरमाथ्यावरून जप करणाऱ्या दलाई लामासारखा यावा, अशी त्याची मागणी होती. एमेरिकने तो आवाज हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला. मॅकार्टनी त्या काळात जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेनची 'गेझांग डेर युंगलिंगे' ही ध्वनिफितीवर रचलेली कृती ऐकत होता. त्या नादात त्याने घरच्या टेपरेकॉर्डरवर फितीची लहान वेटोळी करून आणली. दुसऱ्या दिवशी इमारतीतल्या निरनिराळ्या यंत्रांवर ही वेटोळी एकाच वेळी फिरवण्यात आली. फीत ताणलेली राहावी म्हणून कर्मचारी पेन्सिली अडकवून ती धरून उभे होते. त्या कर्मचाऱ्यांची नावे मलपृष्ठावर नाहीत.

या साऱ्या गदारोळाखाली पहिल्यापासून शेवटपर्यंत एक तंबोरा घुमतो. गाणे जवळजवळ एकाच षड्जावर उभे आहे. पाश्चात्त्य गाण्यात स्वरसंगती सतत बदलत जाते आणि त्या बदलातून ते पुढे सरकते. इथे ते सरकतच नाही. आपल्याला सवयीचे असते तसे, एका स्वराच्या आसऱ्याने विस्तारते. हा तंबोरा बीटल्सच्या हाती आला कुठून?

याचे उत्तर शोधताना मला बऱ्याचदा रविशंकर हे एकच नाव सांगितले गेले. ते खोटे नाही, पण वाट त्याहून अधिक वळणांची आहे. तिचे एक टोक मुंबईच्या किनाऱ्यावर आहे. जानेवारी १९६५मध्ये किंक्स हा इंग्रज वाद्यवृंद ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबला होता. पहाटे समुद्रावर निघालेल्या मच्छीमारांचे गाणे रे डेव्हिसच्या कानी पडले आणि त्यातून 'सी माय फ्रेंड्स' हे घुमत्या आधारस्वराचे गाणे झाले. ते जुलै १९६५मध्ये निघाले. त्यात सतार नाही. गिटारच सतारीसारखी वाजते. त्याच सुमारास यार्डबर्ड्स या वाद्यवृंदाने 'हार्ट फुल ऑफ सोल'साठी लंडनमधल्या भारतीय वादकांकडून सतार-तबला वाजवून घेतला, पण प्रसिद्ध करताना तो वगळून गिटारवर तशीच धून वाजवली. म्हणजे भारतीय सूर हवा होता, वादक वगळता येत होते. मुंबईचे मच्छीमार असोत वा लंडनचे ते वादक, कोणत्याही वेष्टनावर त्यांच्या नावाला जागा मिळाली नाही.

जॉर्ज हॅरिसनचा सतारीशी पहिला संबंध एप्रिल १९६५मध्ये आला, 'हेल्प!' चित्रपटातील उपाहारगृहाच्या दृश्यासाठी काही भारतीय वादक आणले होते, त्यांची सतार त्याने सहज हाती घेतली. ऑगस्टमध्ये अमेरिकेत बर्ड्स या वाद्यवृंदातील मित्रांनी रविशंकरांच्या तबकड्यांविषयी त्याला सांगितले. लंडनला परतल्यावर ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या 'इंडियाक्राफ्ट' या दुकानातून त्याने एक साधीशी सतार आणली आणि ऑक्टोबरमध्ये 'नॉर्वेजियन वुड'साठी ती वाजवली. रविशंकरांना ते वादन फारसे रुचले नव्हते, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. पण त्या काळातली एक बारीकशी घटना मला जास्त महत्त्वाची वाटते. सतारीची तार तुटली आणि ईएमआयसारख्या बलाढ्य कंपनीकडे दुसरी तार नव्हती. तेव्हा 'एशियन म्युझिक सर्कल'ला फोन गेला.

हे मंडळ १९४६मध्ये आयन अंगडी या मूळच्या कर्नाटकातल्या गृहस्थांनी आणि त्यांची इंग्रज पत्नी पॅट्रिशिया यांनी सुरू केले. उत्तर लंडनमधल्या त्यांच्या घरातूनच ते चाले. थोर व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन त्याचे अध्यक्ष होते. १९५०च्या दशकात भारतीय कलावंतांचे कार्यक्रम लंडनमध्ये घडवून आणण्यात या मंडळाचा मोठा वाटा होता, पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे योगवर्गही त्याच्या आश्रयाने भरत. मंडळाला जोडलेले वादक लंडनमध्येच राहणारे होते. कोणाला सतारीची तार हवी असो, तबलजी हवा असो किंवा शिकवणारा हवा असो, विचारायचे ठिकाण हेच. बीटल्सवरच्या पुस्तकांत अंगडी दांपत्य ओळी-दोन ओळींत येऊन जाते. मला मात्र असे वाटते, की 'पौर्वात्य प्रभाव' ही गोष्ट लंडनमध्ये ज्या दारातून आत आली, ते दार या घराचे होते.

११ एप्रिल १९६६च्या संध्याकाळचा प्रसंग खुद्द भागवतांनी सांगितलेला आहे. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांची दैनंदिनी ज्यात आहे त्या मार्क लुइसनच्या १९८८च्या ग्रंथात तो वाचायला मिळतो. अंगडींचा अचानक फोन आला: आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का? कोण जॉर्ज, हे त्यांनी सांगितले नाही. दाराशी रोल्स रॉइस येऊन थांबली तेव्हा भागवतांना उमगले, की हा जॉर्ज हॅरिसन. स्टुडिओत हॅरिसनने त्यांना रविशंकरांच्या मैफलीतल्यासारखे, सोळा मात्रांत काही वाजवायला सांगितले. आणि बाकी उपज तुमची, हेही मान्य केले.

'लव्ह यू टू' तीन मिनिटांचे आहे, पण त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला लयीविना, तारा छेडत, छोटासा आलाप येतो. तो अर्ध्या मिनिटाच्या आसपासच टिकतो. मग सतार लय धरते, तबला उचलतो आणि गाणे सुरू होते. स्वर काफी थाटाच्या जवळचे आहेत, कोमल गंधार आणि कोमल निषादाचे. शेवटी लय वाढते आणि द्रुत गतीच्या थाटात गाणे विरत जाते. सतारीची गत तीन मिनिटांत कोंबली की काय उरेल, तसा हा आराखडा. 'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार गिटारच्या जागी बसवलेली होती. इथे गाण्याचा सांगाडाच आपल्या पद्धतीने घडवलेला आहे. दोहोंतला फरक मोठा आहे. भारतीय कानाला यातल्या उणिवाही लगेच कळतात. आलाप रागात शिरायच्या आतच संपतो, गायकीत मींड नाही, शब्दांची ओढ इंग्रजी गाण्याचीच राहते. तरीही तबल्याच्या बाबतीत अशी सवलत मागावी लागत नाही. तो नकलेचा नाही. जाणत्या हाताचा आहे.

२०२२मध्ये 'रिव्हॉल्व्हर'ची विस्तारित आवृत्ती निघाली. तिच्यात या गाण्याचे कच्चे टप्पेही आहेत. पहिल्या टेकमध्ये हॅरिसन साध्या गिटारवर गाणे म्हणतो. ते ऐकताना हे नेहमीच्या इंग्रजी धाटणीचे, जरा रुक्ष गाणे आहे असेच वाटते. त्यापुढची सतार आणि तंबोऱ्याची तालीम ऐकली, मग पूर्ण झालेले गाणे ऐकले, म्हणजे मधल्या काही तासांत काय घडले ते कानाला स्पष्ट कळते. गाण्याला चाल होती, पण अंग नव्हते. ते अंग तबल्याने दिले. 'प्रभाव' हा शब्द इतका प्रत्यक्ष ऐकू येण्याची संधी इतिहासलेखकाला सहसा मिळत नाही.

इथे पुन्हा तारखांकडे पाहू. हॅरिसन आणि रविशंकर यांची पहिली भेट जून १९६६मध्ये अंगडींच्याच घरी झाली. 'लव्ह यू टू' तोवर मुद्रित होऊन दोन महिने उलटले होते. म्हणजे या अल्बममध्ये रविशंकर आहेत ते तबकड्यांतून आलेले. प्रत्यक्ष हाताने वाजवून दिलेले जे संगीत आहे, ते लंडनवासी भारतीयांचे. गुरू नंतर भेटला. अल्बम निघाल्यावर सप्टेंबरमध्ये हॅरिसन मुंबईला आला, ताजमहाल हॉटेलात उतरला आणि रविशंकर व त्यांचे शिष्य शंभू दास यांच्याकडे सतारीचे धडे घेऊ लागला. बातमी फुटून गर्दी जमली तेव्हा ही मंडळी काश्मीरला निघून गेली. गुरुशिष्यांची ही कथा जगभर गाजली. तिच्या प्रकाशात एप्रिलमधल्या त्या संध्याकाळचा तबलजी आणि ते घर मागे पडले.

मलपृष्ठावरच्या त्या नावाचे मोल पुढच्या वर्षी अधिक कळते. १९६७च्या 'सार्जंट पेपर'मध्ये हॅरिसनचे 'विदिन यू विदाउट यू' आहे. ते १५ मार्चला मुद्रित झाले. त्यात दुसरा एकही बीटल नाही. दिलरुबा, तबला, तंबोरा वाजवणारे एशियन म्युझिक सर्कलचे वादक आहेत. त्या अल्बमचे मुखपृष्ठ विसाव्या शतकातले सर्वांत प्रसिद्ध मुखपृष्ठ म्हणता येईल. पन्नासाहून अधिक चेहऱ्यांच्या त्या गर्दीत स्टॉकहाउझेन आहे. परमहंस योगानंद, श्रीयुक्तेश्वर, लाहिरी महाशय आणि बाबाजी हे चार भारतीय गुरूही आहेत. महात्मा गांधींचे चित्रही होते. भारतात रोष होईल या भीतीने कंपनीने ते काढायला लावले. भारतीयांच्या भावनांचा इतका विचार झाला, पण अल्बममध्ये प्रत्यक्ष वाजवणाऱ्या भारतीयांची नावे कुठेच छापली गेली नाहीत. अमृत गज्जर, अण्णा जोशी, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही नावे लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधनामुळे लोकांसमोर आली ती २०१७मध्ये, पन्नास वर्षांनी.

यावर इंग्रजांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. आपल्याकडच्या ७८ गतीच्या तबकड्यांवर गायकाचे नाव ठळक असे, रागाचेही असे. सारंगी आणि तबल्याची साथ कोणाची, हे बहुधा नसे. मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाचा भरणा देणारे गोव्याचे वादक आणि संयोजक कित्येक दशके तबकडीच्या लेबलावर आले नाहीत. त्यांच्याविषयीची पुस्तके अलीकडची आहेत. मैफलीत आपण साथीदारांची नावे जाहीर करतो, टाळ्या वाजवतो. तबकडी निघताना मात्र तो रिवाज गळून पडत असे. छापील नोंद ही वेगळीच गोष्ट आहे. टाळी त्या रात्रीपुरती असते, छापलेले नाव पुढच्या संशोधकाच्या हाती लागते. 'एलिनॉर रिग्बी'च्या आठ तंतुवादकांचेही असेच झाले. ते नावाजलेले इंग्रज वादक होते, तरी मलपृष्ठावर आले नाहीत. तेव्हा हा केवळ वंशाचा प्रश्न नाही. लोकप्रिय संगीताच्या धंद्यात वादक रोजावर येतो, मजुरी घेतो, निघून जातो, गाणे मालकाचे. वंशाने आणि परकेपणाने ही विस्मृती आणखी दाट होते, इतकेच.

म्हणूनच मला 'रिव्हॉल्व्हर'चे मलपृष्ठ अपवाद म्हणून मोलाचे वाटते. ॲलन सिव्हिलने १९ मे रोजी हॉर्नच्या नेहमीच्या पट्टीबाहेरचा एक उंच स्वर 'फॉर नो वन'मध्ये लावला. तो स्वर कोणाचा, हे आज कोणालाही सांगता येते. 'लव्ह यू टू'मधली सतार सर्वस्वी हॅरिसनची की मंडळातल्या आणखी कोणाची, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्याच गाण्यातल्या तबल्याविषयी मात्र कधीच वाद झाला नाही. एका छापील ओळीने तो मिटवला आहे.

भागवतांनी लुइसनला ही हकिकत सांगितली तेव्हा वीसेक वर्षे लोटली होती. वेष्टनावर नाव आले याचा त्यांना अभिमान होता. आपण फार नशीबवान, असे ते म्हणाले. वादकाने मजुरीला हक्क म्हणावे आणि स्वतःच्या नावाला नशीब, एवढ्यावरून त्या काळचा रिवाज कळतो.